पानं कुणाला दिसतात?

ऑनलाइन पोकर खेळणाऱ्याची एक ठरलेली तक्रार असते. हातात एक्क्यांची जोडी, समोरच्याकडे राजांची. फ्लॉप, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडली जाणारी पहिली तीन पानं, पडायच्या आधीच दोघांचे सगळे पैसे मध्ये गेलेले, आणि अगदी शेवटच्या पानाला, रिव्हरला, राजा येतो. हरलेला म्हणतो, सॉफ्टवेअरच तसं बनवलंय. मुरलेले खेळाडू त्याला हसतात आणि संभाव्यतेचं गणित ऐकवतात. साइटवाले आरएनजीचं, म्हणजे रँडम नंबर जनरेटरचं, प्रमाणपत्र पुढे करतात. मला वाटतं, हे तिघंही भलत्याच जागी बघताहेत. पत्ते नीट पिसले जातात का, हा या खेळातला सगळ्यात सोपा प्रश्न आहे आणि तो बऱ्यापैकी सुटलेला आहे. डाव चालू असताना ती पानं कुणाकुणाला दिसतात आणि टेबलावर समोर बसलंय कोण, हे प्रश्न खरे अवघड. त्यांचं उत्तर मात्र कुणी मागत नाही.

आधी तक्रारीचा हिशेब करू. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीला साधारण ८२ टक्के वेळा हरवते. उरलेल्या शंभरातल्या अठरा वेळा ती हरणारच, आणि हरली नाही तर मात्र खरंच काहीतरी गडबड आहे असं समजावं. आता वेग बघा. हातात एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांतून एकदा येते. कॅसिनोतल्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, म्हणजे एक्क्यांसाठी सात-आठ तास बसावं लागतं. ऑनलाइन खेळणारा चार टेबलं उघडून बसला, तर तासाला अडीचशेच्या वर डाव सहज होतात. प्रत्यक्ष टेबलावर आठवड्याभरात जेवढे एक्के फुटलेले दिसतील, तेवढे तो एका संध्याकाळी बघतो. त्यात माणसाची आठवण पक्षपाती. एक्के जिंकले ते डाव कुणी सांगत बसत नाही.

तरी संशय घ्यायचाच असेल तर तो मोजता येतो, आणि ही ऑनलाइन खेळाची मोठी सोय आहे. समजा, सगळे पैसे मध्ये गेले तेव्हा जिंकायची शक्यता ८० टक्के होती, असे शंभर डाव तुम्ही गोळा केले. त्यात ८० च्या जागी ७२ जिंकलात तर चरफडाल, पण शंभर डावांत आठचा फरक योगायोगानेही पडू शकतो. इथे प्रमाण विचलनच, म्हणजे निव्वळ नशिबाने होणारा नेहमीचा चढउतार, चारचं असतं. तेच दहा हजार डाव घ्या. ८,००० च्या आसपास विजय हवेत आणि विचलन फक्त ४०. एखाद्या साइटने ८० टक्क्यांचे गुपचूप ७८ केले, तर आकडा ७,८०० वर येईल, म्हणजे अपेक्षेपेक्षा पाच विचलनं खाली. हे योगायोगाने होत नाही. धंदा म्हणून खेळणाऱ्यांकडे लाखो डावांच्या नोंदी असतात, त्यांना हँड हिस्टरी म्हणतात, आणि त्या चाळणारी सॉफ्टवेअर्सही असतात. मोठ्या साइटवर पिसण्यातच सरसकट लबाडी करायची आणि ती वर्षानुवर्षं लपवायची, हे अवघड काम आहे. अशक्य म्हणणार नाही. या नोंदींत फक्त स्वतःची आणि शेवटी उघडलेली पानं दिसतात, दुसऱ्यांनी मध्येच टाकून दिलेली नाहीत. त्या भोकाकडे पुढे येतो.

पण म्हणून तक्रार करणारा वेडा ठरत नाही. पिसणं खरंच चुकीचं होतं, असा काळ होऊन गेलाय. १९९९ साली प्लॅनेटपोकरसारख्या साइटना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एएसएफ सॉफ्टवेअर या कंपनीने, आम्ही किती सचोटीने पत्ते पिसतो हे दाखवायला, पिसण्याचा कोडच जाहीर केला होता. रिलायेबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या संशोधकांनी तो वाचला. पहिला दोष गणिती होता. प्रत्येक पानाची अदलाबदल बावन्नपैकी कुठल्याही पानाशी करायची, अशी त्यात पद्धत होती. ऐकायला ती निर्दोष वाटते. तीनच पानांवर करून बघा: अदलाबदलीच्या वाटा होतात २७ आणि तीन पानांच्या रचना आहेत ६. सत्तावीसला सहाने नि:शेष भाग जात नाही, म्हणून तीन रचना प्रत्येकी पाच वाटांनी येतात आणि तीन रचना चार वाटांनी. म्हणजे काही रचना लाडक्या ठरतात. अदलाबदल फक्त उरलेल्या पानांतूनच करायची, एवढाच यावर उपाय, आणि तो तेव्हाही माहीत होता.

दुसरा दोष जीवघेणा होता. बावन्न पानं लावण्याच्या एकूण रचना म्हणजे आठावर सदुसष्ट शून्यं. हे सॉफ्टवेअर मात्र पिसण्याची सुरुवात घड्याळावरून करायचं: मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले, त्या आकड्यावरून. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख, म्हणजे रचनाही तेवढ्याच. आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून घेतलं की उरतात सुमारे दोन लाख. आपल्या हातातली दोन पानं आणि फ्लॉपची तीन, ही पाच पानं कळली की त्या दोन लाखांतून नेमकी एक रचना निवडता येते, कारण पाच पानं क्रमाने पडण्याचे प्रकारच एकतीस कोटींहून जास्त आहेत. संशोधकांनी हे करणारा प्रोग्रॅम लिहून दाखवला. फ्लॉप पडल्या पडल्या तो प्रत्येकाच्या हातातली पानं सांगायचा, पुढे टर्न-रिव्हरला, म्हणजे टेबलावरच्या उरलेल्या दोन पानांत, काय येणार तेही.

यातली एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. या दोषामुळे कंपनीला एक पैसाही मिळत नव्हता आणि कुणा खेळाडूवर मुद्दाम अन्यायही होत नव्हता. पानं कुणाला आधी दिसू शकतात, असा तो धोका होता. पिसण्याचा प्रश्न तिथेही शेवटी दिसण्याचाच निघाला. पुढे तो सुटला. बावन्न पानांची कुठलीही रचना येऊ शकावी यासाठी किमान २२६ बिट, म्हणजे २२६ वेळा नाणं उडवण्याइतकी, यादृच्छिकता लागते, आणि ती मिळवायला आज हार्डवेअर उपकरणं सहज मिळतात. हाताने पिसलेला पत्त्यांचा जोड जास्त प्रामाणिक, असं मानणाऱ्यांसाठी जाता जाता: जोडाचे दोन भाग करून एकमेकांत फरफर मिसळायची जी पद्धत आहे, तशी सुमारे सात वेळा पिसल्याशिवाय जोड पुरेसा मिसळत नाही, हे बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवलं. कॅसिनोतला डीलर एवढ्या वेळा सहसा पिसत नाही. त्याला तासाचे डाव भरून काढायचे असतात.

साइटच्या बाजूने नेहमी केला जाणारा युक्तिवाद असा: आम्ही प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात मध्ये जमलेल्या रकमेतून, ठरावीक टक्का, म्हणजे रेक, घेतो. कोण जिंकलं याच्याशी आम्हाला काय देणंघेणं? मग आम्ही लबाडी कशाला करू? संशयी लोक म्हणतात, दोघांना एकाच वेळी भारी पानं दिली की पॉट फुगतो आणि रेक वाढतो. यावर साइट सांगतात की रेकला कमाल मर्यादा असते, ठरावीक रकमेपुढे पॉट कितीही फुगला तरी त्यांना जास्त मिळत नाही. इथपर्यंत साइटचं म्हणणं मला पटतं. पण युक्तिवादात एक मोठं गृहीतक लपलंय. लबाडी करणार ती कंपनीच, आणि करणार ती कंपनीच्या फायद्यासाठी. प्रत्यक्षात सगळ्यात मोठी लबाडी झाली ती कंपनीच्या आतल्या माणसांकडून, त्यांच्या स्वतःच्या खिशासाठी.

२००७ च्या सप्टेंबरात ॲब्सोल्यूट पोकर या साइटवर एक स्पर्धा झाली, प्रवेश फी हजार डॉलर. ती जिंकली ‘पॉटरिपर’ नावाच्या खात्याने. शेवटच्या डावात समोरच्याने सगळे पैसे लावले आणि पॉटरिपरने ते स्वीकारले, हातात दहापेक्षा मोठं काहीही नसताना. समोरच्याकडे तर त्याहून हलकं होतं. असा कॉल शहाणा माणूस करत नाही, मूर्खाने केला तर तो असा हमखास जिंकत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूने साइटकडे डावांची नोंद मागितली. साइटने एक फाइल पाठवली, आणि त्या फाइलमध्ये, पाठवणाऱ्याच्या चुकीने म्हणा, स्पर्धेतल्या प्रत्येकाची पानं होती आणि टेबलं नुसती बघत बसलेल्या प्रेक्षक-खात्यांची माहितीसुद्धा.

खेळाडूंनी ती फाइल ओळ न् ओळ वाचली. पॉटरिपरने पहिले दोन डाव पानं टाकून दिले होते. मग त्याच्या टेबलावर एक प्रेक्षक येऊन बसला, खातं क्रमांक ३६३. इतका लहान क्रमांक म्हणजे साइट सुरू होण्याच्या सुमाराचं खातं. त्यानंतर सुमारे वीस मिनिटं पॉटरिपरने फ्लॉपच्या आधी एकही पान टाकलं नाही. पहिल्यांदा टाकलं ते नेमकं दुसऱ्या एका खेळाडूकडे राजांची जोडी होती तेव्हा. टेबल बदललं की प्रेक्षकही मागोमाग त्याच टेबलावर. प्रेक्षकाला सगळ्यांची पानं दिसत होती आणि तो ती पॉटरिपरपर्यंत पोचवत होता, याखेरीज त्या नोंदींचा दुसरा अर्थ लागत नाही.

थोड्याच काळात ॲब्सोल्यूटची भावंड साइट अल्टिमेटबेट हिच्यावर त्याहून मोठं प्रकरण निघालं. तिथे दुसऱ्यांची पानं दाखवणारा कोड सॉफ्टवेअरमध्येच होता आणि त्याचा वापर काही वर्षं चालला होता. या साइटना परवाना देणाऱ्या कानावाके गेमिंग कमिशनने २००८ मध्ये रस हॅमिल्टन याला मुख्य जबाबदार ठरवलं. हा साधासुधा माणूस नव्हे, १९९४ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा विजेता. ॲब्सोल्यूटला पाच लाख डॉलर दंड झाला, अल्टिमेटबेटला पंधरा लाख, आणि अल्टिमेटबेटच्या खेळाडूंना सुमारे २ कोटी २० लाख डॉलर परत करावे लागले.

या प्रकरणांत पत्ते पिसण्यात लबाडी नव्हती. कुठल्याही प्रयोगशाळेने त्या दिवशी आरएनजी तपासून ‘उत्तम’ असा शेरा मारला असता आणि तो शेरा शंभर टक्के खरा ठरला असता. प्रमाणपत्राबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. त्यातली चाचणी खोटी नसते, पण ती एका वेळी, एका आवृत्तीच्या एका भागाची असते. आकडे आधी ओळखता येत नाहीत, एवढं ती सांगते. सर्व्हरच्या मेमरीतली पानं वाचायचा अधिकार कोणकोणत्या खात्यांना आहे, काल रात्री कुणी तो वापरला, याबद्दल तिच्यात अक्षर नसतं. तरीही साइटच्या पानावर तळाला त्या प्रमाणपत्राचा शिक्का असा लावलेला असतो की जणू सगळा खेळच तपासून झालाय.

ही दोन्ही प्रकरणं उघडकीला आणली ती खेळाडूंनी, हँड हिस्टरी चाळून. नियामक नंतर आले. आता हाच रस्ता काही साइट बंद करताहेत. खेळाडूंची नावं लपवायची, नोंदी उतरवून घेण्यावर बंदी घालायची. कारण देतात ते खोटं नाही: मुरलेले खेळाडू नोंदींच्या आधारे नवख्यांना हेरून लुबाडतात. पण नावंच नसतील तर एखादं खातं हजारो डावांत अशक्य वाटावं इतकं जिंकतंय, हे बाहेरच्या कुणाला कळणार कसं? नवख्याचं शिकाऱ्यांपासून रक्षण झालं, पण आतल्या चोरापासून रक्षण करणारा पहारा उठवला गेला.

समोर बसलंय कोण, हा प्रश्न तर दिवसेंदिवस वाईट होत चाललाय. २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघांचा लिमिट होल्डेम हा, लावायच्या रकमेला मर्यादा असलेला, प्रकार जवळपास पूर्ण सोडवला. २०१७ मध्ये लिब्रेटस या प्रोग्रॅमने चार नामांकित व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवलं. २०१९ मध्ये प्लुरिबस आला, सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिकांना हरवणारा. त्याला तयार करायला लागणारा संगणकाचा खर्च, भाड्याच्या क्लाउडच्या दराने, दीडशे डॉलरपेक्षा कमी होता. त्याच्या निर्मात्यांनी कोड जाहीर केला नाही, तो ऑनलाइन टेबलांवर वापरला जाईल म्हणून. पण एकदा जमलेली गोष्ट दुसऱ्यालाही जमते. बॉट, म्हणजे आपोआप खेळणारा प्रोग्रॅम, चालवणारा, शेजारच्या स्क्रीनवर सल्ला देणारं सॉफ्टवेअर उघडून बसलेला, किंवा फोनवर एकमेकांना पानं सांगणारे तिघं मित्र: या सगळ्यांपुढे अगदी निर्मळ पिसलेला जोडही तुम्हाला वाचवू शकत नाही. आणि यांना पकडायला लागणारी माहिती, माऊस कसा हलतो, निर्णयाला किती वेळ लागतो, कोण कुणाविरुद्ध पैसे वाढवायचं टाळतो, ती फक्त साइटकडे असते. ओळखीतून चालणाऱ्या खासगी क्लबच्या ॲपमध्ये, जिथे पैशांचा हिशेब एजंट बाहेरच्या बाहेर करतो, तिथे तर पकडणाराही बहुधा कुणी नसतो.

उपाय आहेत आणि त्यांतले काही जुने आहेत. १९७९ साली शमीर, रिव्हेस्ट आणि एडलमन या तिघांनी दाखवलं की मध्यस्थावर विश्वास न ठेवताही दूर बसलेल्या दोघांना पत्ते वाटून घेता येतात. पहिला प्रत्येक पानाला आपलं कुलूप लावतो आणि जोड पिसून दुसऱ्याकडे पाठवतो. दुसरा त्यातून पाच पानं पहिल्यासाठी निवडतो आणि तशीच परत करतो. पहिला आपली कुलपं काढून ती बघतो. मग दुसरा स्वतःसाठी पाच निवडतो, त्यांवर आपलंही कुलूप चढवतो आणि पहिल्याकडे देतो. पहिला आपलं काढतो, दुसरा आपलं. कुलपं कुठल्याही क्रमाने काढता येतात, ही त्यातली गंमत. पुढे त्या मूळ रीतीत गळती सापडली आणि सुधारलेल्या रीती आल्या. त्या वेगवान टेबलावर चालवणं मात्र जड जातं, आणि एखाद्याचं नेट गेलं की त्याच्या कुलपातली पानं तशीच अडकतात. म्हणून मोठ्या साइट या वाटेला जात नाहीत, हे मी समजू शकतो.

त्याऐवजी काही ठिकाणी डावाआधी रचनेचा हॅश, म्हणजे रचनेवरून काढलेला पण रचना उघड न करणारा ठसा, जाहीर करतात आणि नंतर रचना उघडून दाखवतात. तो उपयोगी आहे. डाव सुरू झाल्यावर पानं बदलली नाहीत, एवढी खात्री त्यातून मिळते. पण पॉटरिपरने एकही पान बदललं नव्हतं. ‘गणिताने सिद्ध झालेला न्याय’ असली जाहिरात वाचताना हे ध्यानात ठेवावं.

माझी मागणी कमी झगझगीत आहे. पूर्ण झालेल्या डावांची सगळी पानं, टाकून दिलेलीसुद्धा, टोपणनावांसह, एक वर्षाने जाहीर करा. टाकलेली पानं दिसली, की समोरच्याकडे राजांची जोडी असताना नेमकी पानं टाकणारी खाती संगणकाला काही मिनिटांत सापडतील, आणि संगनमत करणारेही बरेचसे. आक्षेप येईल की खेळाडूची शैली उघडी पडते. पडते खरी. पण वर्षभरात चांगला खेळाडू शैली बदलतो, आणि टोपणनाव दर महिन्याला बदललं तर त्याचा माग काढणं आणखी अवघड होतं. एका महिन्याच्या डावांत चोर सापडायला पुरेसं साहित्य असतं. तेही नको असेल, तर हा संपूर्ण साठा साइटच्या पगारावर नसलेल्या तपासनिसाकडे द्या. सर्व्हरवर पानं वाचण्याच्या प्रत्येक प्रसंगाची नोंद ठेवा, आणि ती मिटवता येणार नाही अशी ठेवा.

पैशाचं वेगळंच. २०११ मध्ये अमेरिकी सरकारने फुल टिल्ट पोकरवर कारवाई केली तेव्हा ती साइट खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागत होती आणि बँकेत होते जेमतेम सहा कोटी. पानं कितीही सरळ वाटली असोत, जिंकलेले पैसे तिथे नव्हतेच. खेळाडूंच्या ठेवी कंपनीच्या खर्चापासून वेगळ्या खात्यात आहेत का, हे पैसे भरण्याआधी विचारावं.

आणि आणखी एक विचारावं: चालू डावात माझी पानं वाचू शकतील अशी खाती तुमच्याकडे किती आहेत, ती कुणाच्या हातात आहेत आणि त्यांच्या वापराची नोंद बाहेरचं कोण तपासतं? उत्तरादाखल पुन्हा आरएनजीचं प्रमाणपत्र आलं, तर पैसे भरू नयेत.